कल्लाप्पा टेलरचं माप

आमच्या रामनगरात कुणाचं मूल वाढीला लागलं, हे त्याच्या आईबापाच्या आधी कल्लाप्पा टेलरला कळतं. कारण हा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतच नाही. घोट्याकडे बघतो. पँटची मोहरी घोट्यावरून किती सरकली, सलवार कुठे येऊन थांबली, एवढ्यावरून तो माणूस ओळखतो, त्याचं वय सांगतो आणि घरात काय शिजत असेल तेही सांगतो. मी इथल्या प्राथमिक शाळेत बदलून आलो तेव्हा सगळ्यात आधी पँट शिवायला त्यांच्याकडेच टाकली होती. त्यानंतर दोन वर्षं ते मला रस्त्यात न चुकता हाक मारायचे. एका सकाळी मी लुंगीवर दूध आणायला गेलो आणि त्यांच्या समोरच उभा राहिलो, तर म्हणाले, "कोन तुमी? पाव्हनं हायसा काय?"

एकदा व्हॉलीबॉलच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला कुणी मोठे साहेब आले होते. हार घालायचा मान कल्लाप्पांचा, कारण गावात या खेळातलं सगळ्यात जुनं माणूस तेच. साहेबांनी मान पुढे केली. कल्लाप्पांची नजर साहेबांच्या बुटावर. हार हातातच. शेवटी त्यांनी खाली वाकून साहेबांची मोहरी दोन बोटांत धरली आणि माइकसमोर स्पष्ट आवाजात सांगितलं, "सायेब, डावा पाय अर्धं बोट लांब हाय तुमचा. ज्यानं शिवलंय त्यानं दोनी पाय सारकं धरल्यात. दुकानात या, नीट करून देतो." साहेब हसले म्हणून सगळे हसले. ते खरंच दुकानात गेले, असं नंतर कल्लाप्पा सांगत. यावर माझा विश्वास नाही, पण त्यांचा आहे.

त्यांचं दुकान बेळगाव-गोवा रस्त्याला लागून. बाहेर दिवसभर ट्रक, आत दिवसभर शाळेचे गणवेश. मूळचे खानापूरकडचे. तरुणपणी आसपासच्या गावांतून लिफ्टर म्हणून खेळायला त्यांना खास बोलावून न्यायचे. लिफ्टर म्हणजे स्वतः चेंडू मारायचा नाही, दुसऱ्याला मारता येईल असा उचलून द्यायचा. वय झालं, खेळ थांबला, पण उचलून द्यायची सवय गेली नाही. रोज संध्याकाळी पाचला मशीनवर कापड टाकून ते जुन्या लाकूड डेपोशेजारच्या मैदानावर जात. खांद्याला गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांची शिवलेली पिशवी, तिच्यात दोन चेंडू. नेट फाटलं की तेच दुरुस्त करत. चेंडूची शिवण उसवली तरी तेच. आमच्या मैदानावरचा एक चेंडू इतका शिवलेला होता की तो हवेत गेला की कुठल्या दिशेने येईल हे फक्त कल्लाप्पांना ठाऊक असे.

मुलं तयार करण्याची त्यांची पद्धत ऐकून शहाणा माणूस डोक्याला हात लावेल. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, ते एक निळी लांब पँट शिवून देत. कापड पालकांचं, शिलाई फुकट. तिच्या खाली आतल्या बाजूला पाच बोटं कापड दुमडून ठेवलेलं असे. दर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, मैदानाच्या कडेला मुलं रांगेत उभी राहत आणि कल्लाप्पा लाकडी पाटावर बसून एकेकाच्या घोट्यावर बोटं ठेवत. मोहरी आणि घोटा यांत किती बोटं मावतात, एवढंच बघायचं. अख्खं बोट मावलं तर तेवढं कापड खाली सोडायचं.

"टेपनं का बघत नाही, मामा?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"टेप लावली की पोरं लबाडी करत्यात की ओ. उंच व्हायचं असलं की टाचा उचलत्यात, बुटकं व्हायचं असलं की गुडघं वाकवत्यात. पँट कुठं जाती? कापडाला काय परीक्षा हाय?"

अगदी लहान, आठ-नऊ वर्षांची पोरं त्यांच्या दृष्टीने कोरं कापड. त्यांना नेट दाखवायचंसुद्धा नाही. त्यांनी पळायचं, चेंडू झेलायचा, फेकायचा, झाडाच्या सावलीत लोळायचं. कुणाचा बाप म्हणालाच की याला सर्व्हिस शिकवा, तर कल्लाप्पांचा ठरलेला प्रश्न यायचा, "पान्यातनं काढलाय काय?" नवं कापड भिजवून आटवल्याशिवाय ते कात्री लावत नसत. हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. नव्या सरपंचाबद्दल, नव्या सुनेबद्दल, नव्या बसच्या वेळापत्रकाबद्दल. पान्यातनं काढलंय न्हवं? मग बघूया.

दहा-अकराच्या मुलांना भिंत मिळायची. डेपोची एक भिंत उभी होती, तिच्यावर खडूने काढलेला एक गोल, आणि त्या गोलात हजार वेळा चेंडू. आणि मग एके दिवशी कुणाच्या तरी घोट्यावर तीन महिन्यांत अख्खं एक बोट मावायला लागायचं. कल्लाप्पा वर बघत. त्या एकाच वेळी ते मुलाच्या तोंडाकडे बघत.

"उसवलं," ते म्हणत. "ह्ये आता उसवलं."

उसवलेल्या मुलाने उडी मारायची नाही. हा त्यांचा कायदा. नेटवर चढून स्मॅश नाही, ब्लॉक नाही, धप्पदिशी पायांवर पडणं नाही. हाडं आधी पळतात, शिरा मागनं येतात, मधे गुडघा ओढला जातो, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ही मुलं वर्ष-दीड वर्ष खाली बसून खेळत. खरोखर बसून. नेट खाली बांधायचं, मांडी घालायची आणि बसल्या बसल्या चेंडू उचलायचा. रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत. पालकांना लाज वाटायची. सहकारी सोसायटीतला एक गृहस्थ रोज कुंपणाशी थांबून विचारायचा, "काय टेलर, पंगत बसलीया, वाढपी कुठं गेलं?"

"वाढ चालूच हाय की," कल्लाप्पा उत्तर देत. "दिसत न्हाई तुमाला."

सहा महिने, म्हणजे मापाचे लागोपाठ दोन रविवार, घोट्यावर अर्ध्या बोटाहून कमी जागा राहिली की ते मूल 'शिवून झालं'. त्या दिवशी सगळी मुलं गोल करून उभी राहत. कल्लाप्पा धोतर खोचून नेटखाली जात आणि त्या मुलाला आयुष्यातला पहिला स्मॅश स्वतः उचलून देत. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू वर जाऊन क्षणभर थांबतो, असं मुलं म्हणत. मी पाहिलंय. थांबतो.

माझी मुलगी सानिका त्यांच्याकडे आठव्या वर्षी गेली. भिंतीवरच्या गोलात तिने किती चेंडू मारले याला हिशेब नाही. ती अकराची झाली आणि उसवली. भराभर वाढत गेली. शाळेत रांगेत सगळ्यांच्या मागे. आमच्या दोन्ही घरांत इतकं उंच कुणी नाही. मी स्वतः पाच फूट तीन इंच. शाळेत असताना कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, सगळीकडे मी 'राखीव' होतो. सामने चालू असताना इतरांचे कपडे सांभाळत बसणारा. हे मी कुणाला सांगत नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

सानिका बारा वर्षांची असताना तालुक्याच्या निवडीचे सामने जाहीर झाले, चार-पाच महिन्यांनंतरचे. जोयड्याला तालुका संघ निवडायचा, तिथून जिल्ह्याला कारवारला, आणि तिथे चमकलेल्या मुलींना क्रीडा वसतिगृहात जागा. शाळेच्या संघात सानिकाचं नाव होतं, पण ती फक्त मागे उभी राहून चेंडू उचलणार. स्मॅश नाही, कारण टेलरमामांनी सांगितलं नव्हतं. मुलगी त्यांचं ऐकायची. माझं नाही, त्यांचं.

मी दुकानात गेलो. म्हणालो, "मामा, या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी वयाची अडचण येते. वसतिगृह जातं."

त्यांनी मशीन थांबवलं. "मास्तर, गेल्या खेपेला दीड बोट मावलं होतं तिथं. दीड! ही पोरगी आजून सुटाय लागलीया. आता उडवलीसा तर तुमी वसतिगृहात घालाय न्हाई, दवाखान्यात घालाय न्याल."

"बाकीच्या मुली उडतात की."

"बाकीच्या मुली माझ्या पँटीत न्हाईत."

आमच्या मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात मला सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "तुमची मुलगी एवढी उंच, आणि अजून खाली बसून खेळते? शिंप्याच्या सांगण्यावरून?" सगळे हसले. मीही हसलो. मला तो हसण्याचा आवाज अजून आठवतो. माझाच.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी बायको बचतगटाच्या मिटिंगला गेली होती, सानिका मैत्रिणीकडे. तिची निळी पँट दोरीवर वाळत होती. मी ती काढली, दार लावलं, दाढीचं पातं घेतलं आणि मोहरीची शिवण उसवली. आतलं कापड अर्धं बोट खाली सोडलं आणि हाताने परत शिवलं. जुनी घडी जिथे होती तिथे निळा रंग गडद राहिला होता, सरळ एक रेघ. ती दिसली असती. मग मी अंगणातली तांबडी माती ओली करून त्या रेघेवर चोळली, कापड झटकलं आणि पुन्हा दोरीवर टाकलं. एवढं मन लावून काम मी वर्गात कधी केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी, मापाच्या रविवारी, कल्लाप्पांनी तिच्या घोट्यावर बोटं ठेवली. थोडा वेळ तशीच ठेवली. म्हणाले, "कमी आलंय. बरं हाय." मी मागे उभा होतो.

हे मी दोनदा केलं. एकदा केलेल्या गोष्टीला माणूस चूक म्हणू शकतो. दुसऱ्यांदा पातं हातात घेताना मला काय करतोय ते पूर्ण माहीत होतं. तीन महिन्यांनी, पुन्हा शनिवार, पुन्हा अर्धं बोट, पुन्हा माती.

मापाच्या त्या दुसऱ्या रविवारी कल्लाप्पा पाटावरून उठले. "बाय, शिवून झालीस तू." सानिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलांनी गोल केला. त्यांनी धोतर खोचलं, चेंडू वर सोडला, तो क्षणभर थांबला आणि माझी मुलगी हवेत गेली. तिच्याइतकी उंच उडालेली मुलगी त्या मैदानाने पाहिली नव्हती. सगळे ओरडले. मीही. त्या क्षणी माझ्या मनात अपराधाचं नावसुद्धा नव्हतं, हे मला लिहून ठेवायचं आहे. मी फक्त खूश होतो.

जोयड्याला तिने सामने गाजवले. संघात निवड झाली. पुढचे दोन महिने शाळेत सकाळी सराव आणि संध्याकाळी मैदानावर सराव. कल्लाप्पा म्हणायचे, "बास झालं, बाय, आज तीसच उड्या," आणि मी सकाळी तिला शाळेच्या मैदानावर साठ मारायला लावायचो. कारवारला जायला पंधरा दिवस होते तेव्हा ती एका सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. उजव्या गुडघ्याखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. हात लावला तरी ओरडायची.

बेळगावच्या डॉक्टरांनी बघितलं, फोटो काढला आणि शांतपणे विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत किती वाढली ही?"

बायको म्हणाली, "फारशी नाही. टेलरमामांनी मोजलं होतं."

जगात त्या प्रश्नाचं खरं उत्तर फक्त माझ्याकडे होतं, आणि तेही बोटांत. मी गप्प बसलो. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात जास्त उड्या मारल्या की होतं असं. बरं होईल. पण आता वर्षभर उडी नाही.

कारवारचा संघ तिच्याशिवाय गेला. सानिका रडली नाही. ती माझ्याशी, आईशी, सगळ्यांशी नीट बोलायची आणि खिडकीशी बसून राहायची. एकदाच म्हणाली, "मामांचं माप चुकलं कसं, अप्पा? त्यांचं कधी चुकत नाही ना?"

मी म्हणालो, "म्हातारे झालेत."

हे दोन शब्द मी बोललो आहे.

त्याच दिवशी कल्लाप्पा तिला बघायला आले. येताना अणशीकडच्या कुणीतरी दिलेली जंगलातली मधाची बाटली घेऊन आले. तिच्या गुडघ्याकडे लांबूनच बघितलं. मग म्हणाले, "बाय, तुझी पँट दे. आता उडायचं न्हाई तर जरा सैल करून देतो." पँट घेऊन गेले. दोन दिवसांनी परत पाठवली, कमरेत सैल केलेली, मोहरी होती तशीच.

पुढच्या रविवारी मैदानावर पालक जमले होते. बातमी सगळीकडे पोचली होती. कुंपणावरचे ते सोसायटीतले गृहस्थ आत येऊन उभे होते. कल्लाप्पा पाटावर बसले नाहीत. उभे राहून म्हणाले, "मास्तरांच्या पोरीचं माप माझ्या हातनं चुकलं. बोटं आता पयल्यासारकी ऱ्हायली न्हाईत. आजपासनं मी मोजनार न्हाई. ज्याला त्याला आपलं पोरगं ठावं."

कुणीतरी म्हणालं, "आम्ही तवाच म्हनलं होतं." सोसायटीवाला म्हणाला, "शिंप्यानं शिवावं, खेळ खेळणाऱ्यानं शिकवावा." मी सहा पावलांवर उभा होतो. सहा पावलं म्हणजे काहीच नाही. वर्गात मी बाकापासून फळ्यापर्यंत तेवढा रोज चालतो.

त्यानंतर मैदानावर कुणी खाली बसून खेळलं नाही. नऊ-नऊ वर्षांची पोरं नेटवर उड्या मारायला लागली. डेपोच्या भिंतीवरचा गोल पुसट झाला. कल्लाप्पा पाच वाजले तरी मशीनवरच बसलेले दिसत. मी शाळेतून येताना रस्त्याची दुसरी बाजू धरत असे. दोन महिने धरली.

एका दुपारी शाळेतलं सर्वांत लहान पोरगं, पहिलीतलं, माझ्यासमोर उडी मारून बाकावरून खाली पडलं आणि हसत उठून म्हणालं, "मी आता स्मॅशर हाय, सर." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सरळ दुकानात गेलो.

ते एकटेच होते. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली. दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतात. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "मामा, माप तुमचं चुकलं नव्हतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. चाक फिरतच होतं.

"पँट मी..."

"दोनदा सोडलीसा. पयल्यांदा अर्धं बोट, दुसऱ्यांदा अर्ध्याला जरा कमी. आन वर चिखल लावलासा." त्यांनी चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "तुमचा टाका उलट्या अंगाला झुकतोय, मास्तर. ह्या गावात डाव्या हातानं लिवनारा मानूस एकच हाय. पँट घरात नेऊन उलटी केली, तवाच कळलं."

"मग मैदानावर तसं का बोललात? सगळ्यांसमोर?"

त्यांनी गणवेशाच्या शर्टाची बाही सुलटी केली. मग म्हणाले, "मी चुकलो म्हनलं तर तिचा टेलर गेला. टेलर काय, धा मिळतील. तुमी चुकलासा म्हनलं असतं तर काय गेलं असतं?"

मी खाली बघत होतो. ते माझ्या घोट्यांकडे बघत असावेत.

"आमचा दत्ता," ते म्हणाले. "फोंड्याला असतोय. कारखान्यात. लई उंच झालता. तेरा वर्साचा असताना मी उडवला त्याला. माझाच उचललेला चेंडू, त्योच मारनार, लोक लांब लांबनं बघाय यायचं. मला काय, नशाच झालती. त्यो म्हनायचा, बा, पाय दुखतोय. मी म्हनायचो, मार."

"गुडघा गेला का त्याचा?"

"गुडघा?" ते जरा हसले. "गुडघा कवाच बरा झाला. वर्सात. रविवारी खेळतोय तिकडं अजून, असं लोक सांगत्यात. गुडघ्याला काय झालं न्हाई, मास्तर." शर्टाची दुसरी बाही. "दिवाळीला सून फोन करती. त्यो आत असतोय म्हनं. नेमका आतच असतोय."

बाहेरून एक ट्रक गेला. सगळं दुकान हललं आणि परत स्थिर झालं.

"म्हनून तुमी तिला सांगू नगासा," ते म्हणाले. "मी जे बोललोय त्ये ऱ्हाऊ दे. माझं काय जातंय?"

त्यांचं काय जातंय, हे मी दोन महिने रस्त्याच्या पलीकडून बघत होतो. उठताना मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

घरी जाऊन मी सानिकाला सांगितलं. सगळं. पातं, माती, दोन्ही शनिवार, सकाळच्या साठ उड्या, बेळगावला गप्प बसलो ते, आणि 'म्हातारे झालेत' म्हणालो तेही. ती ऐकून घेऊन उठली आणि आत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको बोलत होती, पण तिचं बोलणं न बोलण्यापेक्षा वाईट होतं, आणि तो तिचा अधिकार होता. रविवारी मैदानावर जाऊन पालकांनाही सांगितलं. ते त्यामानाने सोपं गेलं. लोक चार दिवस मला नावं ठेवतील आणि पाचव्या दिवशी आपल्या मुलांकडे बघतील, अशी आशा होती. सोसायटीवाल्याने पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत मी पुन्हा कल्लाप्पांकडे गेलो. दुकानासमोर गिऱ्हाईक उभं, आत कपड्यांचा ढीग. मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. बातमी पोचली होती.

"सांगू नगासा म्हनलं होतं न्हवं?"

"सांगितलं."

"मग? बोलती का न्हाई तुमच्याशी?"

"तीन दिवस नाही बोलली. आज सकाळी बोलली."

कात्री खाली ठेवली त्यांनी. "काय म्हनाली?"

"पँट घेऊन आली. मोहरी उलटी करून दाखवली आणि म्हणाली, 'अप्पा, टाके किती वाकडे घातलेत तुम्ही.'"

"आन?"

"आणि चहा ठेवू का म्हणाली."

गिऱ्हाईक ताटकळत होतं. कल्लाप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, सरळ, आणि मला ते सहन होईना.

"सुरवात कशी केलीसा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे आगदी पयलं वाक्य. सगळं सांगू नगा. पयलं काय म्हनालासा?"

मी आठवून सांगितलं. "म्हणालो, 'सानिका, जरा बस. मला एक सांगायचंय, ते सांगून होईपर्यंत मधे उठू नकोस.'"

त्यांचे ओठ हलले. जरा बस. मला एक सांगायचंय. दोनदा म्हणून बघितलं त्यांनी, आवाज न करता. मग गिऱ्हाइकाकडे पाठ करून, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "फोनवर कुनाला 'बस' म्हनता येतंय काय, मास्तर?"

"येतंय की," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या या." आणि भर बाजाराच्या दिवशी, दुपारी, दुकानाच्या फळ्या एकेक करून आतून लावून घेतल्या.